वहिनींना पाठवा

संपादकांचा फोन आला, की कॉम्प्युटरची नेटवर्क दुरुस्त करण्याच्या धंद्यातले तुमचे अनुभव आमच्या दिवाळी अंकासाठी लिहून द्या. मी पहिला प्रश्न विचारला, "आधी तिला विचारलंत ना?" पलीकडचा माणूस चाचरला. मग म्हणाला, "हो, म्हणजे वहिनींना विचारलं होतं. पण त्यांना वेळ नाही म्हणाल्या. त्यांनीच तुमचं नाव सुचवलं."

घ्या! म्हणजे हा लेखसुद्धा मला बायकोच्या शिफारशीवर मिळाला. नाही म्हणणार होतो. पण मग विचार केला, नाही म्हटलं तर ती लिहील, आणि मग माझी बाजू कोण मांडणार?

वहिनी म्हणजे माझी बायको शुभदा. वसई गावात आमचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. आमचं म्हणजे माझं. तिचं लग्न होऊन ती आमच्या भुईगावच्या घरी आली त्याच्या आधीपासून मी ते चालवत होतो. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या केळीची वाडी, आणि मी निघालो कॉम्प्युटरवाला. नव्वदच्या दशकाची अखेर. दुकानं, पतसंस्था, बर्फाचे कारखाने, सगळ्यांनी नुकतेच कॉम्प्युटर घेतलेले, आणि एकमेकांना जोडून घेण्याची हौस. जोडायचे कसे ते सगळ्यांना ठाऊक. जोडलेले चालेनासे झाले की मात्र मी.

बाहेरच्या माणसाला वाटतं या धंद्यात भारी भारी यंत्रं लागत असतील. काही नाही. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, आणि काळा पडदा. काळा पडदा म्हणजे कॉम्प्युटरवर उघडणारी ती काळी चौकट, जिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसतं टाइप करून विचारायचं. त्यात आमचे चार-पाच शब्द. सगळ्यात लाडका पिंग. वाडीत संध्याकाळी आई घराच्या मागल्या दारातून हाक मारायची, "हेमंत, आहेस का रे?" आणि मी विहिरीकडून ओ द्यायचो. तेच पिंग. या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरला हाक मारायची. ओ आली की वाट चांगली आहे. ओ उशिरा आली की मध्ये कुठेतरी गडबड आहे. आलीच नाही, की स्क्रीनवर लिहून येतं, "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". हे तीन शब्द वाचले की दुकानदारांचे चेहरे असे व्हायचे, जसं काही डॉक्टरने मान हलवली.

शुभदा नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधली, माहेर मूळचं रत्नागिरीकडचं, शिक्षण बी.कॉम. लग्नानंतर दुपारी घरी बसून कंटाळते म्हणून दुकानात यायला लागली. पिंग मी शिकवलं. आयपीकॉन्फिग, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरला त्याचा स्वतःचा पत्ता विचारण्याची आज्ञा, तीही मीच शिकवली. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगतोय, कारण पुढे हे कोणाच्याही लक्षात राहिलं नाही.

तिची पहिली बाहेरची फेरी अर्नाळ्याला, बर्फाच्या कारखान्यात. होड्यांना बर्फ देणारा कारखाना. ऑफिसातला एक कॉम्प्युटर आणि मागे वजनकाट्याजवळ दुसरा, मध्ये मी टाकलेली वायर. त्यांची तक्रार अशी, की जाळं चालतं, बंद पडतं, परत चालतं. मी दोन वेळा जाऊन आलो होतो. खाऱ्या हवेने वायरीच्या टोकाची पिन हिरवी पडते, ती घासली, बदलली. उपयोग शून्य. तिसऱ्या खेपेला हिला सोबत घेतलं. मी थांबवेपर्यंत हाका मारत राहणारं पिंग लावलं आणि डोळ्यांत तेल घालून स्क्रीन बघत बसलो. ओ, ओ, ओ, मग टाइम आउट, टाइम आउट, मग परत ओ. मी तिला समजावून सांगत होतो की यात काही सूत्र दिसत नाही.

ती म्हणाली, "अहो, ती मागची मोटर धडधडली की जातंय."

तिने स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नव्हतं. ती नुसती ऐकत होती. मी वायर टाकताना सोय म्हणून मोटरच्या जाडजूड केबलला बांधून नेली होती. मोटर सुरू झाली की विजेचा एवढा गोंगाट, की आमच्या हाका त्यात बुडायच्या. वायर वेगळ्या भिंतीवरून नेली आणि प्रश्न मिटला. कारखान्याचा मालक खूश. त्याने बर्फात घातलेले पापलेट बांधून दिले, आणि देताना म्हणाला, "वैनी, हे तुमच्यासाठी."

पापलेट मीही खाल्लं. पण घशाखाली उतरताना टोचलं. काटा नव्हता, बरं का.

त्यानंतर जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. फोन यायचा, "हॅलो, जरा वहिनींना पाठवा ना." मी म्हणायचो, मी येतो. "तुम्ही कशाला त्रास घेता? वहिनींनाच पाठवा." त्रास! माझ्या स्वतःच्या दुकानात, माझ्या स्वतःच्या धंद्यात, मी यायचं म्हटलं तर तो मला त्रास!

विरारला एक निवृत्त शिक्षक होते, देसाई गुरुजी. मुलगा अमेरिकेला. त्याच्या ईमेल वाचण्यासाठी त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि बिल्डिंगमध्ये नुकतंच आलेलं केबलवाल्याचं इंटरनेट. एके दिवशी ते चालेना. मी नेमका तापाने पडलो होतो, शुभदा गेली. दोष काही विशेष नव्हता. पण गुरुजींनी तिला विचारलं, "माझं पत्र इथून तिथपर्यंत जातं कसं?" हिने ट्रेसर्ट चालवलं. ट्रेसर्ट म्हणजे मुक्कामाला पोचेपर्यंत निरोप कुठल्या कुठल्या नाक्यांवरून गेला ते सांगणारी आज्ञा. एकेक नाका एकेका ओळीत उमटत जातो. मुंबईतलं एखादं नाव ओळखू येतं, मग समुद्रापलीकडचं. हिने ते छापून दिलं. गुरुजींनी ते चक्क चौकट करून भिंतीवर लावलं, देवांच्या तसबिरीशेजारी. पुढच्या वेळी मी गेलो तर मलाच हात धरून दाखवायला लागले. "हे बघा. माझं पत्र या वाटेने जातं. वहिनींनी काढून दिलंय."

"गुरुजी, ही आज्ञा मीच तिला शिकवली," मी म्हटलं.

"असेल, असेल," गुरुजी म्हणाले, आणि चष्मा पुसून परत तो कागद वाचायला लागले.

आता तुम्ही म्हणाल, काय हा माणूस, बायकोचं कौतुक झालं तर याच्या पोटात दुखतं. दुखतं. साफ सांगतो. दुसरा कोणी असता तर मी त्याला दुकानातून घालवला असता, त्याच्या नावाने बोटं मोडली असती, मोकळा झालो असतो. बायकोचं काय करणार? दिवसभर तिच्यावर जळायचं आणि रात्री तिच्याच हातची आमटी भुरकायची. आणि आमटीही चांगली. सगळंच चांगलं यायचं हो तिला.

दोन हजार साल उलटून गेल्यावर धंद्याची हवा बदलली. कॉम्प्युटर कोणीही विकायला लागलं. आमची मुलगी शाळेत जायला लागली होती. दुकानाच्या भरवशावर घर चालवणं कठीण आहे, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. अशात एका पतसंस्थेने जागा काढली. नाव नाही सांगत, संस्था आणि माणसं अजून आहेत, आणि माणसं चांगली आहेत. कायमची नोकरी, भविष्यनिर्वाह निधी, टेबल, खुर्ची, आणि टेबलावर पाटी: सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर. मराठीत सांगायचं तर सगळ्या कॉम्प्युटरांचा रखवालदार. तिथलं नेटवर्क आम्हीच टाकलेलं. एकाने ती जागा घ्यायची आणि दुसऱ्याने दुकान रेटायचं, असं आमचं घरात ठरलं. एकाने म्हणजे कोणी, हे काही ठरलं नाही. माझ्या मते ते ठरवण्यासारखं नव्हतंच. मी अर्ज लिहिला, आणि ड्रॉवरमध्ये लिफाफा शोधायला गेलो तर तिथे तिचा अर्ज आधीच बंद करून ठेवलेला.

"तू पण?" मी विचारलं.

"का? मी नको?" ती म्हणाली.

दोघांचे अर्ज एकाच दिवशी, एकाच स्कूटरवरून गेले.

संस्थेचे मॅनेजर म्हात्रे साहेब. माणूस सज्जन, पण घाबरट. कॉम्प्युटर जरा अडकला की त्यांना घाम फुटायचा. त्यांचं मत आधीपासून वहिनींच्या बाजूने. तिथल्या कॉम्प्युटरांना मी आमच्या वाडीतल्या केळ्यांची नावं दिली होती. मुख्य सर्व्हर राजेळी, काउंटरवरचे वेलची, मुठेळी, तांबडी, भुरकेळ. लोक नंबर विसरतात, केळी विसरत नाहीत. काउंटरवरची मुलगी फोन करायची, "माझी वेलची लटकली हो." तर म्हात्रे साहेब संचालकांना ही नावं दाखवून काय सांगतात? "आमच्या वहिनींची कल्पना. बाईमाणसालाच असं गोड सुचतं." नालासोपाऱ्याच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेली बाई, लग्नाआधी तिला वेलची आणि मुठेळीतला फरक सांगता आला नसता! मी तिथेच उभा होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"दोघंही आपलेच," म्हात्रे साहेब म्हणाले. "दसरा होऊन जाऊ दे. संचालक मंडळ बसेल आणि ठरवेल."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात फोन. म्हात्रे साहेबांचा आवाज कापत होता. "सगळं बंद! एकही काउंटर चालत नाही. वहिनी आहेत का?"

वहिनी नव्हत्या. त्या सकाळीच कळंबला गेल्या होत्या. तिथे समुद्राकाठी सुट्टीला येणाऱ्यांसाठी कॉटेजेस झाली होती, त्यांच्या ऑफिसात दोन कॉम्प्युटर जोडायचे होते. मोबाइल आमच्यात एकच, तो तिच्याकडे, आणि कळंबच्या सुरूच्या बागेत त्याला रेंज मिळायची मारामार. मला सांगायला लाज नाही, की मी देवाचे आभार मानले. फोनवर म्हटलं, "मी येतो," आणि त्यांनी काही बोलायच्या आत ठेवून दिला.

संस्थेत पाय ठेवायला जागा नव्हती. दिवाळी तोंडावर आलेली. कोणाची ठेव पूर्ण झालेली, कोणाला होडीच्या इंजिनासाठी पैसे काढायचे. एक अर्नाळ्याची बाई काउंटरवर हात आपटून विचारत होती, "आमचे पैशे त्या डब्यात अडकले काय? मंग डबा फोडा नि काडा!" कॅशियर परेरा बाई तिला समजावून दमल्या होत्या. परेरा बाई म्हणजे तिथला सगळ्यात जुना आणि सगळ्यात खणखणीत आवाज. चर्चच्या सणाला गावात हाऊजी खेळतात तेव्हा आकडे पुकारायचं काम त्यांच्याकडे.

मी वेलचीवर बसलो. आधी तिचा पत्ता विचारला. बरोबर. मग तिला तिची स्वतःचीच हाक मारून बघितली. असं करता येतं, आणि आधी तेच करायचं असतं, आपला आपल्यालाच आवाज येतो का ते बघायचं. येत होता. मग राजेळीला हाक मारली. टाइम आउट. मुठेळीवरून मारली. टाइम आउट. मध्येच एखादी ओ यायची, तीही इतकी उशिरा, जसं कोणी रुसून बसलंय आणि बळेच हं म्हणतंय. प्रत्येक कॉम्प्युटर एकेकटा ठणठणीत आणि सगळे मिळून आजारी. राजेळीचं नेटवर्क कार्ड, म्हणजे वायर जिथे खोचतात ती आतली पट्टी, गेलं असणार, असं ठरवून मी ते काढलं, दुसरं बसवलं. काही फरक नाही.

म्हात्रे साहेब सारखे मागे येऊन उभे. "वहिनींचा फोन लागतोय का बघू का?"

"साहेब, मीसुद्धा हेच काम करतो."

"तसं नव्हे हो. पण त्या असल्या म्हणजे कसं, बरं वाटतं."

मला इतका संताप आला, की मी स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला आणि चहा मागितला. चहा घेऊन कोपऱ्यात बसलो आणि समोर बघत राहिलो. प्रत्येक मॉनिटरला झेंडूची माळ. हळदीकुंकवाची बोटं. प्रिंटरवर आपट्याची पानं. दसऱ्याला आपण अवजारांची पूजा करतो. लोहार ऐरणीची करतो, कोळी होडीची. पतसंस्था कॉम्प्युटरांची करणार, त्यात नवल काय? आदल्या रविवारी मी स्वतः इथे येऊन गेलो होतो, तेव्हा सगळं चालू होतं. म्हणजे मधल्या काळात इथे एकच गोष्ट घडली होती. पूजा. आणि पूजा म्हणजे आधी साफसफाई. साफसफाई म्हणजे सगळ्या वायरी काढून, पुसून, परत लावणं.

शिपाई बाळामामांना हाक मारली. तेही अर्नाळ्याचेच. ते हात जोडूनच आले. "सायेब, शप्पत सांगतो, मी कायबी तोडलं नाय. जिथं व्हतं तिथंच हाय समदं."

मी तडक माळ्यावर गेलो. माळा म्हणजे जुन्या कागदपत्रांची खोली, खालून शिडी लावून चढायची. तिथे लाकडी पेटीत आमचा स्विच होता. स्विच म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी जिथे येऊन मिळतात तो डबा. प्रत्येक वायरीच्या तोंडाशी एक छोटा दिवा, कोणी बोललं की लुकलुकतो. पेटीवर बाळामामांनी झेंडूचा असा घसघशीत हार घातला होता, की पुढची बाजू पूर्ण झाकलेली. मी हार बाजूला केला. आत सगळेच्या सगळे दिवे एका वेळी, एका तालात, वेड्यासारखे फडफडत होते. खाली एक माणूस काम करत नाही आणि इथे सगळे एकदम ओरडतायत!

मी बघता क्षणी ओळखलं. काळ्या पडद्यावर हे दिसलं नसतं. कुठल्याही आज्ञेला दिसलं नसतं. कोणत्यातरी वायरीची दोन्ही टोकं याच डब्यात लागली होती. एका भोकातून निघालेला निरोप दुसऱ्या भोकातून परत आत येतो. डब्याला वाटतं नवीनच बातमी आहे, तो परत सगळ्यांना ओरडून सांगतो. ती परत आत येते. गावात एखादी अफवा अशीच फिरते, आणि मग खरं काही कोणाला ऐकू येत नाही.

पण कुठली वायर? बाळामामांनी सगळ्या वायरींची सुतळीने अशी सुबक जुडी बांधली होती, की सगळ्या करड्या, सगळ्या सारख्या. मी माळ्यावरून ओरडलो, "परेरा बाई, वेलचीवर पिंग चालू आहे ना? काय येतं ते मोठ्याने वाचत राहा!"

"वाचते!" खालून आवाज.

मी एकेक वायर उपटायला सुरुवात केली. उपटायची, थांबायचं, ऐकायचं. खालून हाऊजीच्या सुरात, "टाइम आउट!" परत लावायची, दुसरी उपटायची. "टाइम आउट!" घाम डोळ्यांत, कोळिष्टकं तोंडावर. खाली गर्दीचा गलका. "टाइम आउट!" आणि मग एक वायर उपटली, आणि डब्यावरचे दिवे एकदम गप्प झाले. मग एकेक करून शहाण्यासारखे लुकलुकायला लागले.

"रिप्लाय!" परेरा बाई किंचाळल्या. "रिप्लाय आला! परत आला!" खाली टाळ्या. टाळ्या, हो! माझ्या आयुष्यात माझ्या कामाला कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मी ती वायर दोन्ही टोकांनी सोडवली, हातात घेतली आणि शिडी उतरायला लागलो. खरं सांगतो, उतरताना मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. 'त्यात काय एवढं' असं काहीतरी.

खाली आलो. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. सगळे वेलचीभोवती गोळा झालेले, आणि खुर्चीत शुभदा. चपलांना कळंबची वाळू, पर्स अजून खांद्याला. रस्त्यात रेंज आल्यावर म्हात्रे साहेबांचा फोन लागला होता आणि ती रिक्षा करून थेट इकडे आली होती. आल्या आल्या खुर्चीत बसली, चालू असलेलं पिंग थांबवून परत सुरू केलं, नेमकी तेव्हाच मी वर ती वायर उपटली, आणि पहिलीच ओ आली.

"अगो बाय!" परेरा बाई सगळ्यांना सांगत होत्या. "बसली नि चालू केलंन! तो बिचारा सकाळपासून घाम गाळतोय."

बिचारा!

म्हात्रे साहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ते तिथल्या तिथे अध्यक्षांना फोनवर सांगत होते, "हो, वहिनी आल्या म्हणून. एक बटण दाबलं त्यांनी. मी तर म्हणतो आता मंडळ बसायची वाटसुद्धा बघू नका."

शुभदाने वर बघितलं. माझ्या केसांत झेंडूच्या पाकळ्या, हातात वायर. तिने वायर बघितली, तिची दोन्ही टोकं बघितली, माळ्याकडे जाणारी शिडी बघितली. तिला सगळं कळलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, आता बोलेल, आता बोलेल. ती बोलली नाही. तिने मान खाली घातली आणि कोणीतरी पुढे केलेला चहा घेतला.

बाळामामा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सायेब, ही व्हय? त्या कोपऱ्यातल्या टेबलाचा कॉम्प्युटर तुमच्याकडं दुरुस्तीला गेला नि ही वायर नुसती लोंबत व्हती. पूजेच्या दिवशी बरी दिसं नाय. म्हनून वर घेऊन खोचून दिली. भोक मोकळं व्हतं."

मी वायर खिशात कोंबली.

स्कूटरवरून दोघं निघालो. दुकानात आलो, मी शटर वर केलं आणि आत शिरायच्या आत तोंड सुटलं. "का नाही बोललीस? एक शब्द! 'यांनी केलं' एवढंच म्हणायचं होतं. माझा जीव चालला होता त्या माळ्यावर!"

ती स्टुलावर बसली. "मला बोलवेना," ती म्हणाली.

"का?"

"रिक्षात येताना मी ठरवून आले होते, की राजेळीचं कार्ड गेलंय. मी कार्ड बदललं असतं."

"मी बदललं सकाळी."

"आणि त्यानंतर मला काही सुचलं नसतं. मी संध्याकाळपर्यंत पिंग करत बसले असते. तुमच्या हातात ती वायर बघितली आणि मला कळलं, की हे मला सुचलं नसतं. आणि तुमचा इतका राग आला मला!"

"माझा? तुला?"

"मग कोणाचा? लोक म्हणतात वहिनींना सगळं येतं. मी लोकांशी गोड बोलते, त्यांचं ऐकून घेते, म्हणून म्हणतात. मला माहीत आहे ना खरं कोणाला येतं ते. तुम्ही कोपऱ्यात चहा पीत बसता आणि तुम्हाला कळतं. सात-आठ वर्षं मी बघतेय, हे कसं करता ते मला अजून जमत नाही. मी जळते तुमच्यावर. पहिल्यापासून. झालं समाधान?"

ती चक्क रडत होती. रागाने.

"उद्या सकाळी जाऊन म्हात्रे साहेबांना सांगते," ती डोळे पुसत म्हणाली. "नोकरी तुमची आहे."

"काही सांगू नकोस," मी म्हटलं. आणि स्वतःच चकित झालो.

पण ती ऐकणारी बाई नाही. दुसऱ्या दिवशी गेली. वायर घेऊन गेली. साहेबांसमोर टेबलावर ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, की माळ्यावर हे होते, हार यांनी काढला, वायर यांनी शोधली, मी फक्त येऊन बसले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग परेरा बाईंना आत बोलावलं आणि गहिवरून म्हणाले, "बघितलंत? नवऱ्याचं नाव पुढे करायला स्वतःचं श्रेय सोडतायत. असं माणूस आपल्या संस्थेत हवं."

नेमणुकीचं पत्र त्याच दिवशी निघालं. तिच्या नावाचं.

ती घरी आली आणि हे सांगता सांगता हसायची की रडायची तेच तिला कळेना. आई ओट्यावरून विचारत होती काय झालं, काय झालं. मी आतल्या खोलीत जाऊन एकटाच हसत बसलो. त्या पाटीवर माझं नाव आलं असतं तर काय झालं असतं? म्हात्रे साहेब मला चांगलं म्हणाले असते. ज्यांना स्विच आणि सुपातला फरक कळत नाही त्यांनी मला चांगलं म्हणून काय उपयोग? वसई-विरारमध्ये ज्या एका माणसाला हे काम खरोखर कळतं, ते माणूस माझ्याच घरात राहतं, आणि ते माझ्यावर जळतं.